ड्रायरचा पट्टा

मिसिसागा (कॅनडा),
ता. १८ जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर मी कपडे वाळवायच्या ड्रायरची तक्रार सांगितली, तेव्हा बाबांनी तिथल्या तिथे निदान केले, "पट्टा सैल पडला असेल, बोटभर कापून पुन्हा जोड." दोष पट्ट्यातच आहे, एवढे निदान बरोबर निघाले. उपाय मात्र चालण्यासारखा नव्हता, आणि तो का चालला नाही हे सविस्तर कळव, असे बाबांनी बजावल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

लक्षणे फोनवर नीट सांगता आली नव्हती. कपडे घालायचा ड्रम रिकामा असला की व्यवस्थित फिरे, चार-दोन सदरे टाकले तरी तक्रार नसे; पण ओली गोधडी टाकली की दोन-तीन वेढे घेऊन तो थांबे, मोटरचा आवाज मात्र चालूच राही आणि जळक्या रबराचा वास येई. (होय आई, तुझीच गोधडी. तिला काही झालेले नाही.) या यंत्रात एकच मोटर दोन कामे करते: तिच्या एका टोकाला हवा खेचणारा पंखा असतो आणि दुसऱ्या टोकाला ड्रम फिरवणारी पुली. त्यामुळे पट्टा घसरला तरी पंखा आणि हीटर चालूच राहतात व गरम हवा एकाच जागी पडलेल्या कपड्यावर येत राहते. म्हणूनच दुरुस्ती होईपर्यंत मी ड्रायर बंद ठेवला आणि तळघरात दोऱ्या बांधल्या.

शनिवारी काम काढले. येथील ड्रायर २४० व्होल्टवर चालतो, म्हणून आधी भिंतीतला प्लग काढला. आईने तीनदा विचारले होते, तेव्हा हे मुद्दाम लिहिते. कपड्यांतून सुटणारे तूस अडवणाऱ्या जाळीखालचे दोन स्क्रू काढले आणि रंगारी पुट्टी भरायला वापरतात तशी पातळ पट्टी पुढच्या फटीत सारून आतले खटके दाबले, तेव्हा वरचे झाकण मोटारीच्या बॉनेटसारखे उघडले. दाराच्या स्विचच्या तारा सोडवण्यापूर्वी त्यांचा फोटो काढून ठेवला. पुढचा पत्रा काढताना ड्रमला खालून आधार द्यावा लागतो, कारण त्याची पुढची बाजू त्या पत्र्यावरच टेकलेली असते. हे मला ठाऊक होते, तरी ड्रम हातावर बसला तो बसलाच.

आता बाबांच्या उपायाविषयी. आपल्या शिलाई मशीनचा चामड्याचा पट्टा वापराने लांबत असे, आणि तुम्ही तो कापून तारेच्या कडीने जोडत असा. ड्रायरचा पट्टा रबराचा, चपटा आणि अखंड असतो. लांबी सुमारे पावणेआठ फूट, रुंदी जेमतेम करंगळीच्या नखाएवढी. तो सबंध ड्रमला वेढा घालून अंगठ्याएवढ्या जाडीच्या पुलीवरून वळतो. मोटर मिनिटाला सतराशेहून अधिक फेरे घेते आणि ड्रम पन्नासच्या आसपास, तो या दोन जाड्यांमधल्या फरकामुळेच. एवढ्या लहान वळणावरून कोणतीही कडी सुखरूप जाणार नाही. शिवाय मुळात पट्टा सैल पडलेलाच नव्हता. स्प्रिंगवर बसवलेली एक वेगळी पुली त्याला सतत ताणून धरते, त्यामुळे थोडीबहुत वाढ ती आपोआप सामावून घेते. झिजल्या होत्या त्या आतल्या बाजूच्या बारीक उभ्या खाचा. त्या जागोजागी काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या आणि एका कडेचे धागे सुटले होते. पकड गेली होती, आणि ती कापून परत येत नाही.

नवा पट्टा मॉडेलचा क्रमांक पाहूनच घ्यावा लागतो. क्रमांक दाराच्या चौकटीवर असतो. खाचांची बाजू ड्रमकडे ठेवून, जुन्या पट्ट्याने ड्रमवर उमटवलेल्या काळ्या रेषेवरच तो बसवला. खरी कसरत त्यानंतर होती. जमिनीवर पालथे पडून, एका हाताने स्प्रिंगची पुली बाजूला दाबत, दुसऱ्या हाताने पट्ट्याचा फास करून तो मोटरच्या पुलीवर चढवायचा. पहिल्या दोन खेपांना पट्टा निसटला, तिसऱ्यांदा बसला. मग ड्रम हाताने दोन-तीनदा फिरवून पट्टा सरळ चालतो की नाही ते पाहिले आणि सारे पुन्हा जोडले. तळाशी साचलेले तूसही साफ केले. ते इतके निघाले की एक लहान उशी भरली असती. मोटर आणि हीटर यांच्या भोवती तूस साचणे म्हणजे आगीला आमंत्रण, त्यामुळे केवळ तेवढ्यासाठी यंत्र उघडले असते तरी श्रम वाया गेले नसते.

आधी पंधरा मिनिटे ड्रायर रिकामा चालवला, मग टॉवेल टाकले. आवाज नाही, वास नाही. गोधडी मात्र अजून दोरीवरच आहे. भिजल्यावर ती फार जड होते आणि जुन्या पट्ट्याचा जीव बहुधा तिनेच घेतला असावा. जुना पट्टा पुसून ठेवला आहे. बाबा, येताना घेऊन येते, म्हणजे खाचा तुम्हाला बोटाने तपासता येतील.

तुमची लेक