पाखऱ्याचा डोळा

ता. दर्यापूर, जि. अमरावती

प्रिय दिल्या,

इकडे सारे बरे. आईचे गुडघे दुखतातच. फोनवर सांगितलं असतं तर तू दोन मिनिटांत "मग विकून टाक" म्हणून मोकळा झाला असता, म्हणून लिहितो. पाखऱ्या बैलाचा डावा डोळा काढला.

तुमच्याच कोठ्यातला तो. डोळ्याभोवती गुलाबी कातडी म्हणून तू त्याला 'साहेब' म्हणायचा. त्याच कातडीनं घात केला. पापणीला काळा रंग नसला की वर्षानुवर्षांचं ऊन बाधतं, म्हणाले डॉक्टर. नाकाकडच्या कोपऱ्यात, आतल्या तिसऱ्या पापणीवर आधी दाण्याएवढं मांस आलं. कोणी म्हणे डोळे आले, मीठ चावून फुंक. मी फुंकू दिलं नाही. मग वास सुटला, माशा हटेनात. कॅन्सर, गड्या. लहान असतो तोवर तेवढा भाग कापून भागतं. डोळ्यात उतरला की डोळाच काढावा लागतो. डॉक्टरांनी कानाखालची गाठ चाचपली, फुगलेली नव्हती, म्हणजे कॅन्सर तिकडं पसरला नसावा, तेव्हाच हात घातला.

आदल्या दिवसापासून उपाशी ठेवला. लिंबाखाली गुंगीचं इंजेक्शन देऊन पाडला, डोळ्यामागे खोल सुई घालून बधिर केलं. आधी दोन्ही पापण्या एकमेकींना शिवल्या, मग बाहेरून गोल कापत गेले. मुंडकं माझ्या मांडीवर, लाळेनं पँट चिंब. शेवटी मागची नस अन् रक्तवाहिन्या चिमट्यात धरून बांधल्या, कापल्या, वरून कातडी शिवून टाकली. दुखण्यावर मेलॉक्सिकॅम दिलं. दुखण्यावरचंच दुसरं औषध, डायक्लोफिनॅक, जनावरांसाठी 2006 सालीच बंद झालं. मेलेल्या ढोरातून ते गिधाडांच्या पोटात जायचं अन् गिधाडं मरायची. तू भांडायचा ना, झाडं तोडली म्हणून गिधाडं गेली? आता तरी हार मान.

टाके निघाले, जखम भरली, कडबा पहिल्यासारखा खातो. काळजी पुढंच आहे. पाखऱ्या नेहमी डावीकडं जुंपलेला, म्हणजे गेलेला डोळा बाहेरच्या बाजूला. तिकडचं काहीच दिसत नाही, म्हणून डवऱ्याच्या औताला जोडीच्या सोन्याला खेटत चालतो अन् पऱ्हाटीची झाडं पायाखाली जातात. उजवीकडं जुंपला तर आंधळी बाजू सोन्याकडं येईल, चांगला डोळा बाहेर राहील. हिशेब बरोबर आहे, पण सोन्या जन्मात डावीकडं चालला नाही! बाजू बदलली की दोघंही जुवाखालीच फिरतात. सध्या रिकाम्या बंडीला जुंपून पांदणीनं फिरवतो. डाव्या अंगानं जाताना आवाज द्यावा लागतो, नाहीतर दचकून शिंग मारतो. पोरगी "पाखऱ्या, मी आली" म्हणतच पाणी नेते.

भाऊ वीक म्हणतो. एका डोळ्याचा बैल कोण घेईल अन् कशासाठी घेईल, तुला सांगायला नको. मी विकणार नाही. दूध देणारी गाय एका डोळ्यानं सहज निभावते म्हणतात. बैलाला तास धरायचा असतो, ते कोणी सांगत नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार.

अन् आज संध्याकाळीच बाबांना विचार. त्यांनी ढवळ्या-पवळ्याच्या बाजू बदलल्या होत्या, मला आठवतं. तेव्हा कासरा कोणाचा आखूड धरला होता, डावीकडं आलेल्याचा की उजवीकडं गेलेल्याचा? अन् आधी वखराला जुंपले की बंडीला? नीट विचारून लगेच कळव, डवरणी खोळंबली आहे.

तुझा,
सुधाकर