पाटीवरचा राजा, तळघरातलं पीप

नॉटिंगहॅम,
८ फेब्रुवारी

प्रिय मकरंद,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. मे महिन्यात येतोयस आणि काका-काकूंनाही आणतोयस, हे वाचून फार आनंद झाला. किल्ले आणि राजवाडे तू बघशीलच, त्यांची माहिती पुस्तकांत हवी तेवढी मिळते. तू विचारलंयस पबबद्दल. इतिहासाच्या माणसाने तिथे काय बघावं, आणि न पिणारी मंडळी बरोबर असली तर जावं का? जावंच. कसं, ते सविस्तर लिहितो.

सुरुवात दाराबाहेरच्या पाटीपासून कर. आत शिरायची घाई नको. १३९३ साली दुसऱ्या रिचर्डने कायदाच केला की बिअर गाळून विकणाऱ्याने दाराबाहेर खूण टांगली पाहिजे. माल तपासणाऱ्या अधिकाऱ्याला दुकान सापडावं, हा हेतू. लोकांना अक्षरओळख नव्हती, म्हणून अक्षरांऐवजी चित्र. या रिचर्डचं स्वतःचं चिन्ह होतं पांढरं हरीण, गळ्यात सोन्याचा मुकुट आणि त्याला साखळी. आजही गावोगावी 'व्हाइट हार्ट' नावाचे पब आहेत. पाटीवर हरणाच्या गळ्यातला मुकुट दिसला की ओळखायचं, हा रिचर्ड. तिसऱ्या रिचर्डचं चिन्ह पांढरा रानडुक्कर. १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत तो पडला आणि पांढऱ्या डुकरांच्या पाट्या निळ्या रंगाने रंगवल्या गेल्या, असं सांगतात. कारण निळा डुक्कर हे जिंकलेल्या बाजूच्या ऑक्सफर्डच्या अर्लचं चिन्ह. 'रोझ अँड क्राउन' म्हणजे ट्यूडर राजघराण्याचा गुलाब. 'प्रिन्स ऑफ वेल्स'च्या पाटीवर बहुधा तीन शहामृगी पिसं असतात.

पण तुझ्यासाठी खरी पाटी 'रॉयल ओक'ची. ३ सप्टेंबर १६५१ ला वूस्टरच्या लढाईत दुसरा चार्ल्स संसदेच्या सैन्याकडून हरला. त्याला पकडून देणाऱ्यास हजार पौंडांचं बक्षीस लागलं. ६ सप्टेंबरला श्रॉपशरमधल्या बॉस्कोबेल इथे तो आणि कर्नल केअरलेस एका ओकच्या झाडावर दिवसभर लपून बसले. शोध घेणारे शिपाई त्याच रानात फिरत होते. वर चढताना बरोबर काय नेलं होतं, हे पुढे राजाने स्वतःच सांगितलं: पाव, चीज आणि 'स्मॉल बिअर', म्हणजे रोज पाण्यासारखी पितात ती अगदी हलकी बिअर. राजा त्या दिवशी पबमधल्या साध्या माणसाचंच जेवण जेवला, ही गोष्ट मला फार आवडते. १६६० मध्ये, २९ मे या आपल्या वाढदिवशी, तो राजा म्हणून लंडनला परतला आणि ओकचं झाड पाट्यांवर चढलं ते आजतागायत. आता आपला धागा बघ. याच चार्ल्सला १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगिजांकडून मुंबई आंदण मिळाली आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. शिवराज्याभिषेकाला रायगडावर आलेला ऑक्झिंडेन याच राजाच्या काळातला कंपनीचा माणूस. म्हणून झाडाच्या फांद्यांत मुकुट रंगवलेली पाटी दिसली तर काकांना तिच्याखाली उभं करून फोटो काढ.

पाटीवरच्या सालावर मात्र लगेच विश्वास ठेवू नकोस. इथल्या 'ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम'च्या भिंतीवर ११८९ असं ठळक लिहिलंय. ते सिंहहृदयी रिचर्ड गादीवर बसला ते वर्ष. समोर दिसणारी इमारत मात्र सतराव्या शतकातली आहे. गावातल्याच 'बेल इन'ची लाकडं पंधराव्या शतकातली, म्हणजे हिच्याहून कितीतरी जुनी. तरी 'ट्रिप'ला जायचंच, कारण तिच्या मागच्या खोल्या नॉटिंगहॅमच्या किल्ल्याच्या वालुकाश्मात कोरलेल्या गुहा आहेत, आणि अशा गुहेतली हवा उन्हाळा-हिवाळा जवळपास सारखीच गार राहते. बिअरला नेमकं तेच लागतं.

आता तळघराकडे वळतो, कारण पब चांगला की वाईट हे तिथे ठरतं. जुन्या पद्धतीची बिअर, जिला इथे 'कास्क एल' म्हणतात, कारखान्यातून निघते तेव्हा पुरती तयार झालेली नसते. पिपात यीस्ट जिवंत असतं आणि उरलेलं आंबणं पबच्या तळघरात होतं. नेहमीचं पीप म्हणजे 'फर्किन': ९ गॅलन, ७२ पाइंट (पाइंट म्हणजे इथला बिअरचा मोठा ग्लास), साधारण ४१ लिटर. ते आपल्या घडवंचीसारख्या लाकडी चौकटीवर आडवं ठेवतात आणि तीन पाचरी मारून पक्कं बसवतात. पोटावरचं भोक वर, तोंडाकडचं भोक खाली. वरच्या भोकाच्या बुचात सच्छिद्र लाकडाची मऊ खुंटी ठोकली की आत कोंडलेला वायू फसफसत बाहेर येतो. फेस पुसायचा आणि पुन्हा किती वेगाने वर येतो ते बघायचं. वेग मंदावला की मऊ खुंटी काढून कडक लाकडाची बसवायची, म्हणजे उरलेला वायू आतच राहतो. घाई करून लवकर कडक खुंटी मारली तर ग्लासात नुसता फेस. विसरून मऊच राहू दिली तर बिअर मेलेली, पाणचट. मग लाकडी हातोड्याच्या एकाच घावात खालच्या भोकात तोटी बसवायची. हात कचरला की पंधरा-वीस ग्लास बिअर अंगावर आणि जमिनीवर.

गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो तसं इथे यीस्ट तळाशी बसवायला 'आयझिंग्लास' घालतात. ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. तू शाकाहार पाळतोस म्हणून आधीच सांगतो: काउंटरवर 'व्हीगन' किंवा 'अनफाइन्ड', म्हणजे असलं काही न घातलेली बिअर आहे का, असं विचार. ती थोडी धुरकट दिसेल, तो तिचा दोष नव्हे. एरवी बिअर काचेसारखी स्वच्छ हवी. गाळ बसायला निदान एक दिवस पीप अजिबात हलवायचं नाही, तळघर ११ ते १३ अंशांवर ठेवायचं. त्याहून गार झालं तर बिअरवर धुक्यासारखी छटा येते, गरम झालं तर ती लवकर आंबते. पीप अर्धंअधिक भरलेलं असतानाच मागची बाजू हळूहळू उचलून तिरकं करायचं. अगदी शेवटी उचललं तर सगळा गाळ ढवळून ग्लासात येतो.

विक्री सुरू झाली की बाहेर गेलेल्या बिअरच्या जागी हवा आत शिरते, आणि तिथून साधारण तीन दिवस. पुढे व्हिनेगरचा वास सुरू होतो. आता हिशेब कर: ७२ पाइंट तीन दिवसांत खपवायचे म्हणजे रोज २४. म्हणून दुपारी चार माणसं बसलेल्या पबमध्ये आठ-आठ हँडल दिसली तर सावध राहा. दोन-तीनच असतील तर बिअर ताजी असण्याची शक्यता जास्त. हँडल म्हणजे आपला हापसाच. जोसेफ ब्रामाने १७९७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. दोन-तीन दमदार ओढींत पाइंट भरतो. हँडलवरचं बिअरच्या नावाचं लेबल उलटं फिरवलेलं दिसलं तर ती संपलीय किंवा अजून तयार नाही असं समज. कोणती घ्यावी कळेना तर चव मागायची, घोटभर फुकट देतात. हातातला ग्लास आंबट लागला तर शांतपणे परत ने, दुसरा मिळतो. अर्धा पिऊन झाल्यावर मात्र नेऊ नकोस.

ग्लासाकडेही बघ. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. आपल्याकडे मापट्यावर सरकारी शिक्का असतो तसा इथे पिण्याच्या मापावर राजाचा मुकुट असायचा. विल्यम तिसऱ्याच्या काळात, १७०० च्या सुमारास, तो कायद्याने आला. युरोपीय नियमांमुळे २००६-०७ च्या सुमारास त्याची जागा 'सीई' या अक्षरांनी घेतली, आणि युरोपीय संघ सोडल्यावर मुकुट पुन्हा ऐच्छिक झाला. जुन्या पबमध्ये मुकुटाचा ग्लास अजून सापडतो. व्यवसायाच्या नियमावलीत निदान ९५ टक्के द्रव हवा असं आहे. फेस फार असला तर 'टॉप-अप' मागण्यात कमीपणा नाही.

वागण्याच्या रीती थोड्या आहेत, पण पाळल्या पाहिजेत. वेटर येत नाही, काउंटरवर जावं लागतं. तिथे रांग दिसत नसली तरी ती असते. कोण कोणाआधी आलं हे पलीकडचा माणूस लक्षात ठेवतो आणि ग्राहकही ठेवतात. नोटा हलवायच्या नाहीत, हाका मारायच्या नाहीत. सगळी ऑर्डर एकदम सांगायची, आणि त्यात गिनेस ही काळी आयरिश बिअर असेल तर ती आधी, कारण ती दोन टप्प्यांत भरतात आणि मध्ये स्थिरावू देतात. जेवण सांगण्यापूर्वी टेबलाचा नंबर बघून ठेव. टिप ठेवत नाहीत. फार बरं वाटलं तर 'अँड वन फॉर युअरसेल्फ' म्हणायचं, म्हणजे आपल्या खर्चाने एक ग्लास त्याला. 'राउंड'चं मात्र मनावर घे. चौघांत बसलास तर प्रत्येक जण आळीपाळीने चौघांसाठी घेतो, म्हणजे चार पाइंट झाले. तेवढे नको असतील तर पहिल्याच फेरीला 'हाफ' सांग, पण आपली पाळी चुकवू नकोस. ज्याने ती चुकवली त्याला गाव वर्षानुवर्षं विसरत नाही.

काका-काकूंना लाइम-सोडा किंवा जिंजर बिअर सांग. नावात बिअर असली तरी ती आल्याची असते, बहुधा मद्य नसतं, तरी बाटली बघून घे. खायला 'प्लाउमन्स लंच': चीज, पाव, लोणचं. हॅम नको म्हणून आधीच सांग. चिप्स कशात तळतात तेही विचार, काही ठिकाणी गोमांसाची चरबी वापरतात. बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतं, ते संध्याकाळीच उघडतं.

वेळांनाही राजेशाहीचा हात लागलाय. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, सरकारने पबच्या वेळा कापल्या, दुपारी दारं बंद ठेवायला लावली. त्याच वर्षी पाचव्या जॉर्जने युद्ध संपेपर्यंत राजघराण्यात दारूबंदी केली. दुपारची ती बंदी थेट १९८८ मध्ये उठली. बऱ्याच ठिकाणी अजून रात्री अकराच्या आत घंटा वाजते, ती शेवटच्या ऑर्डरची. तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकाला, मे २०२३ मध्ये, तीन रात्री एक वाजेपर्यंत पब उघडे ठेवायची मुभा होती. याच चार्ल्सने युवराज असताना, २००१ मध्ये, 'पब इज द हब' ही संस्था सुरू केली. गावातलं दुकान गेलं, टपाल कचेरी गेली, की पबच्याच एका कोपऱ्यात दोन्ही सुरू करायला ती मदत करते. यॉर्कशरमधल्या हडस्वेल गावचा 'जॉर्ज अँड ड्रॅगन' बंद पडला होता. २०१० मध्ये गावकऱ्यांनी मिळून तो विकत घेतला. आत ग्रंथालय आणि छोटं दुकान थाटलं, मागे भाजीचे वाफे. २०१६ मध्ये तो देशातला सर्वोत्तम पब ठरला. आपल्या गावच्या पारावर जे चालतं ते इथे आडोशाला, शेकोटीजवळ चालतं, म्हणून तो वाचवायला माणसं पदरचे पैसे घालतात.

सगळ्यांनाच मात्र या पारावर जागा नव्हती, हेही तुला माहीत असावं. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये साठच्या दशकात काही पब भारतीयांना ठरावीक खोलीतच बसवत, काही दारातूनच परत पाठवत. फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स तिथे आले तेव्हा त्यांनाही हा अनुभव आला. त्याच वर्षीच्या कायद्याने हा भेद बेकायदा ठरला. आज त्याच भागात पंजाबी कुटुंबं पब चालवतात आणि तव्यावर चरचरणारी 'मिक्स्ड ग्रिल' खायला गोरे शेजारी येऊन बसतात. काकूंना पनीर टिक्का तिथे मिळेल. बॉस्कोबेलहून येताना ती वाट सोयीची पडते, एका दिवसात दोन्ही होतं.

तिकीट २९ मे धरूनच काढ. त्या दिवशी 'ओक ॲपल डे' असतो, चार्ल्सच्या परतण्याची आठवण. डर्बीशरमधल्या कासलटनला संध्याकाळी चार्ल्सच्या काळचा पोशाख घातलेला 'राजा' घोड्यावर निघतो. कमरेपर्यंत झाकणारा फुलांचा प्रचंड घुमट त्याच्या खांद्यावर चढवतात आणि मिरवणूक गावातल्या एकेका पबसमोर थांबते, नाच होतो, मग पुढे. शेवटी तो घुमट दोराने चर्चच्या मनोऱ्यावर ओढून घेतात. २९ ला रविवार आला तर आदल्या दिवशी करतात, कॅलेंडर बघून घे. शेफिल्डहून होप स्टेशनला उतरायचं, तिथून कासलटन दोन मैलांवर. काकांच्या गुडघ्यासाठी टॅक्सी सांगून ठेवू. मे महिना असला तरी संध्याकाळी गारठा असतो, काकूंची शाल विसरू नकोस.

तारखा कळव.

तुझा,
अविनाश