‘खाऱ्या पाण्यासाठी’ म्हणून विकलेली रील आणि खाऱ्या पाण्याचे कारण देऊन नाकारलेली वॉरंटी

रत्नागिरी
दि. 25 नोव्हेंबर 2024

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: सदोष रीलची पूर्ण किंमत परत मिळणे, तसेच जाहिरातीतील व खोक्यावरील चुकीचा मजकूर दुरुस्त करणे याबाबत.

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून ऑगस्ट 2024 च्या शेवटच्या आठवड्यात मी गळाच्या मासेमारीसाठी 4000 साइजची स्पिनिंग रील (काठीवरची दोरी गुंडाळण्याची फिरकी) 8,490 रुपयांना विकत घेतली. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘खाऱ्या पाण्यासाठी खास, सर्व बेअरिंग सीलबंद’ असे छापले आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर ही रील आतून गंजून अडकली. आपल्या सेवा केंद्राने ती दुरुस्त न करता परत पाठवली. सोबतच्या चिठ्ठीत कारण दिले आहे की, खाऱ्या पाण्याने आलेला गंज वॉरंटीत धरला जात नाही. त्या चिठ्ठीतले हे कारण मला मान्य नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आपले सेवा केंद्र किनाऱ्यापासून दूर आहे. त्यामुळे आधी इथल्या हंगामाविषयी थोडे लिहितो. रील सप्टेंबरात नीट चालली आणि ऑक्टोबरात का बिघडली, हे त्याशिवाय कळणार नाही.

आमच्याकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की दर्यावर्दी लोकांचे वर्ष सुरू झाले असे आम्ही मानतो. पण किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्याला आणखी थांबावे लागते. पावसाळाभर काजळी नदीचे तांबडे, गढूळ पाणी भाट्याच्या खाडीतून लोटत असते आणि मुखापर्यंतचे पाणी बरेचसे गोडे असते. भाद्रपद सरतो, पाऊस उघडीप देऊ लागतो, नदीचा जोर ओसरतो. मग दर भरतीला समुद्र थोडा थोडा आत शिरतो. पाणी निवळते, हिरवट होते. बोय आणि कोळंबी भरतीबरोबर खाडीत चढते आणि तिच्या मागावर जिताडा, तांबोशी, कधी रावस येतो. खडकांच्या बाजूला गोब्रा असतो, भाट्याच्या वाळूत मुडदुशी लागते. आश्विन आणि कार्तिक हे आमचे महिने. पुढे थंडी पडली की खाडीतला जिताडा मंदावतो. म्हणजे वर्षभर ज्याची वाट पाहायची तो काळ जेमतेम दोन महिन्यांचा.

त्यातही रोज गळ टाकून उपयोग नसतो. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी असते, त्याला ओढ नसते. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला पाणी धावते आणि मासा खायला बाहेर पडतो. आमच्या जुन्या माणसांचा हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. मोबाइलवर तक्ते मिळतात तरी मी अजून याच हिशेबाने घरातून निघतो. उधाण चुकले की पंधरवडा गेला. आपल्या रीलने माझे एक उधाण नव्हे, सबंध आश्विन आणि कार्तिक घालवला आहे.

आता रीलकडे येतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असते. सप्टेंबरात मी खाडीत बराच आत, पुलाच्या वरच्या अंगाला गळ टाकत होतो. तिथे त्या दिवसांत पावसाचे पाणी मिसळलेले असते, मीठ कमी असते. रील तेव्हा गुळगुळीत फिरत होती. दसऱ्याच्या सुमारास खारे पाणी वर चढले, मीही मुखाकडे सरकलो, आणि हँडल फिरवताना आतून घरघर ऐकू येऊ लागली. खऱ्या समुद्राच्या पाण्याशी गाठ पडल्याबरोबर ही रील कामातून जाऊ लागली. ती ज्या कामासाठी विकली गेली होती, नेमक्या त्याच कामात.

आवाज सुरू होताच मी आपल्या ग्राहक सेवेला ईमेल केला. त्याची पोच मिळाली नाही. दूरध्वनीवर सांगण्यात आले की दोन थेंब तेल घाला. घातले. आपल्या पुस्तिकेतली निगा मी पहिल्या दिवसापासून पाळत आलो आहे: घरी आल्यावर ड्रॅग (मासा ओढू लागला की दोरी सोडणारा भाग) घट्ट करून गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली रील धुणे, फडक्याने पुसणे, सावलीत वाळवणे, मग ड्रॅग सैल करून ठेवणे. जोराची धार कधी मारली नाही, कारण त्याने मीठ आत ढकलले जाते हे मला ठाऊक आहे. रील पाण्यात बुडालेली नाही, वाळूत पडलेली नाही.

कोजागरीच्या रात्री, भरती शेवटच्या टप्प्यात असताना, भाट्याच्या मुखाशी एक मोठा जिताडा लागला. दोनदा पाण्याबाहेर उसळला, तेव्हा चांगला दिसला. अशा माशाला दोरी द्यावी लागते. तो धावतो तेव्हा ड्रॅगने ताणाच्या प्रमाणात दोरी सोडली पाहिजे, त्याच्यासाठीच ड्रॅग असतो. पहिल्या धावेला दोरी सुटली. दुसऱ्या धावेला ड्रॅग जागीच घट्ट बसला आणि हँडलही फिरेना. मी उभा होतो तो खडक ओला, खाली उधाणाचे पाणी. एक जोराचा हिसका बसला आणि नऊ किलो ताणाची ब्रेडेड दोरी तुटली. तोल सावरला म्हणून बरे. ड्रॅग अडकणे ही खडकावर उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाशी गाठ असते, ही गोष्ट आपल्या तंत्रज्ञांनी गांभीर्याने घ्यावी अशी माझी विनंती आहे.

आणि त्या माशाविषयीही लिहिले पाहिजे. जिताडा जन्मतः नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणून मोठा जिताडा बहुधा मादी असते, आणि खाडीच्या पुढच्या पिढ्या तिच्यावर अवलंबून असतात. असा मासा मी धरला तरी पुन्हा पाण्यात सोडतो. तो मासा आता तोंडात दोन तीनकाटी गऱ्या आणि मागे लोंबणारी दोरी घेऊन खाडीत फिरतो आहे, किंवा मेला असेल. मला याचे फार वाईट वाटते. चांगल्या साधनाने हे टळले असते.

दुसऱ्याच दिवशी मी संकेतस्थळावर तक्रार नोंदवली आणि सांगितल्याप्रमाणे स्वखर्चाने रील कुरिअरने पाठवली. दिवाळी उलटल्यावर ती जशीच्या तशी परत आली. वर उल्लेखलेली चिठ्ठी, आणि यापुढे ‘शक्यतो गोड्या पाण्यात वापरावी’ असा सल्ला. मी समुद्रकाठी राहतो, समुद्रासाठी म्हणून रील घेतली, आपण समुद्रासाठी म्हणून विकली. गोड्या पाण्यासाठीच हवी असती तर याच्या निम्म्या किमतीत मिळाली असती.

आपण लेखी नकार दिल्यानंतरच मी रील उघडली. मिरकरवाड्यात बोटींची इंजिने दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराकडून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत व्हिडिओ घेत. जे दिसले ते असे. पिनियनखालचे (आतल्या लहान दातेरी चाकाखालचे) आणि हँडलच्या बाजूचे बेअरिंग तांबड्या गंजाने जाम झाले होते. दोन्हींवर ‘झेडझेड’ असा शिक्का आहे. याचा अर्थ बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या चकत्या आहेत. पत्र्याची चकती धूळ अडवते, पाणी अडवत नाही. पाणी अडवायला रबरी सील लागते आणि तसल्या बेअरिंगवर ‘टू-आरएस’ लिहिलेले असते. संपूर्ण रीलमध्ये रबरी सील असलेले एकही बेअरिंग मिळाले नाही. ड्रॅगच्या नॉबखाली रबरी रिंगसाठी खाच कोरलेली आहे, पण त्या खाचेत रिंगच नाही. तिथून खारे पाणी सरळ ड्रॅगच्या चकत्यांवर उतरले, सुकले आणि मिठाने चकत्या एकमेकींना चिकटल्या. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात जिथे पोलादी स्क्रू बसवले आहेत तिथे पांढरी भुकटी जमली आहे. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारे पाणी, की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. समुद्रासाठी वस्तू बनवणाऱ्या कोणालाही हे माहीत असते, म्हणून असे स्क्रू ग्रीस लावून बसवतात. इथे ग्रीसचा मागमूस नव्हता.

मीठ सुकले तरी निरुपद्रवी होत नाही. ते हवेतला ओलावा ओढून घेते आणि पुन्हा पाझरते. ऑक्टोबरात इथे दिवसा ऊन भाजते आणि रात्री दव पडते, त्यामुळे रीलच्या आत हे चक्र रोज चालते. बाहेरून कितीही धुतले तरी आत गेलेले मीठ बाहेर येत नाही. पाणी आत जाऊ न देणे एवढाच त्यावर उपाय. खोक्यावर ‘सीलबंद’ हा शब्द छापून आपण तोच उपाय केल्याचे सांगितले होते.

खाऱ्या पाण्याचा गंज वॉरंटीत नाही ही अट खोक्यावर नाही, बिलावर नाही, वस्तूच्या पानावरही नाही. ती संकेतस्थळाच्या तळाशी, वेगळ्या पानावर, बारीक इंग्रजीत आहे. जाहिरात मात्र नारळी पौर्णिमेच्या निमित्ताने मराठीत होती आणि तिच्यात खडकावर लाटांचे तुषार अंगावर घेत उभा असलेला माणूस दाखवला होता. ज्या भाषेत वस्तू विकली त्याच भाषेत तिच्या मर्यादा सांगायला हव्या होत्या.

माझ्या 8,490 रुपयांपेक्षा मला जास्त सलते ते वेगळेच आहे. राजिवड्यातल्या दोन मुलांनी हीच रील पैसे जमवून भागीत घेतली. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पाग (हाताने फेकायचे जाळे) आणि हातदोरी चालते. साधी तंगूस दोरी, शिसे आणि गरी. त्यावर कोणीही वॉरंटी दिली नव्हती आणि ती कधी दगा देत नाही. रीलने दूरवर फेक जाते, मोठा मासा सांभाळता येतो, म्हणून या मुलांनी होडीवर मजुरी करून पैसे साठवले. त्यांच्या रीललाही आता तीच घरघर लागली आहे. त्यांना ईमेल लिहिता येत नाही, इंग्रजी अटी वाचता येत नाहीत. आपण पाहाल तर अशा तक्रारी आपल्याकडे कमी येतील, कारण असे ग्राहक तक्रार न करताच वस्तू कोपऱ्यात टाकतात. म्हणून त्यांच्या वतीनेही मी लिहीत आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधील कलम 2(10) नुसार, विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे दावा केलेला दर्जा मालात नसेल तर तो दोष ठरतो. सील नसलेल्या बेअरिंगना सीलबंद म्हणणे हे कलम 2(28) नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत येते. ई-कॉमर्स नियम, 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे बंधनकारक आहे. आपल्याकडून पोच आली नाही, आणि महिना केव्हाच उलटला.

तेव्हा माझी मागणी अशी: रीलची पूर्ण किंमत 8,490 रुपये आणि कुरिअरचा खर्च मला परत मिळावा. त्याच नमुन्याची दुसरी रील मला नको, कारण दोष नमुन्यातच आहे. वर उल्लेखलेल्या मुलांची रील पाठवली जाईल, तिची किंमतही कोणतीही सबब न सांगता परत करावी. हा नमुना खरोखर सीलबंद होईपर्यंत खोक्यावरून आणि जाहिरातीतून ‘खाऱ्या पाण्यासाठी’ व ‘सीलबंद’ हे शब्द काढावेत, आणि ज्यांनी तो या हंगामात घेतला त्या सर्वांना ड्रॅग अडकण्याच्या धोक्याची सूचना त्यांच्या भाषेत पाठवावी. ही शेवटची मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. किनाऱ्यावर अजून कोणीतरी ती रील घेऊन ओल्या खडकावर उभा असेल.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावे. ते न आल्यास मी ऑनलाइन पद्धतीने रत्नागिरी येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करीन. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते आणि या रकमेला शुल्कही लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 वर, मी आधीच नोंद करून ठेवली आहे.

बिलाची प्रत, खोक्याची व जाहिरातीची छायाचित्रे, आपल्या सेवा केंद्राची चिठ्ठी आणि रील उघडतानाचा व्हिडिओ सोबत जोडला आहे. गंजलेली दोन्ही बेअरिंग माझ्याकडे जपून ठेवली आहेत. आपल्या तंत्रज्ञांना पाहायची असल्यास त्यांनी रत्नागिरीस यावे, मी ती दाखवीन.

आपला,
(स्वाक्षरी)
एक ग्राहक, रत्नागिरी