माळा उपसाल तेव्हा एक कॅसेट जपून ठेवा

मिनियापोलिस
१८ जानेवारी

प्रिय आई-बाबा,
सा. न.

रविवारी फोनवर "बरं, बघते" म्हणून ठेवला, ते मनाला लागून राहिलं. वाडा बिल्डरला द्यायचं ठरलं, मार्चअखेर भाड्याच्या जागेत जायचं, माळ्यावरचं काय ठेवायचं अन् काय टाकायचं ते सांग, असं आई एका दमात म्हणाली. तेव्हा काही सुचलं नाही. आता सुचतंय तर सविस्तर लिहिते. व्हॉट्सॅपवर लिहिलं असतं तर बाबांनी चष्मा सापडेपर्यंत निम्मं सोडून दिलं असतं.

बंब मावशीला द्या, ती कधीची मागतेय. माझ्या शाळेच्या वह्या रद्दीत गेल्या तरी चालतील. पण बुटाच्या खोक्यात कॅसेटी आहेत ना, त्यात एक आहे जिच्यावर निळ्या शाईनं "आजी – ओव्या" असं बाबांच्या अक्षरात लिहिलंय. तेवढी टाकू नका. का, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

बाबा, जिन्याखालच्या खोलीत राहणारा तुमचा विद्यार्थी आठवतो? आम्ही त्याला सोमाली दादाच म्हणायचो. मी तेव्हा नऊ वर्षांची. १९९१ च्या जानेवारीत त्याच्या देशात हुकूमशहा सियाद बारेचं सरकार पडलं, घरून यायचे पैसे बंद झाले, आणि तो चहावर दिवस काढतो हे आजीच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवसापासून त्याचं ताट आपल्यात. पहिल्याच जेवणाला त्यानं वरणभातावर केळं मागितलं. आजीला वाटलं, पोराला शिकरण हवी. तिनं दूध-साखर पुढे केली तर यानं केळं सोलून तसंच भाताच्या घासाबरोबर खाल्लं! आजी पुढे कितीतरी दिवस येईल त्याला हे सांगत होती. इथे आल्यावर कळलं की सोमाली घरांत भाताच्या ताटाशेजारी केळं असतंच. आपल्याकडे लिंबाची फोड असते तसं.

हे सगळं इतक्या वर्षांनी वर आलं ते आमच्या हॉस्पिटलमधल्या एका बाईंमुळे. त्या सोमाली दुभाष्या आहेत, वय साठीच्या पुढे. सगळे त्यांना एद्दो म्हणतात, म्हणजे आत्या. या शहरात सोमाली लोक खूप. सीडर-रिव्हरसाइड भागातल्या रंगीत पट्ट्यांच्या उंच इमारतींखाली उभं राहिलं तर इंग्रजी कमीच कानावर पडतं. एकदा एका म्हाताऱ्या पेशंटबाई आपल्या चाळिशीच्या मुलाला सारखं "होयो, होयो" करत होत्या. मी त्याला होयो नावानंच हाक मारली, तर तो हसायलाच लागला. होयो म्हणजे आई. त्यांच्यात आई मुलाला होयो म्हणते आणि बाप मुलाला आब्बो. ज्याचं त्याचं नातंच हाक म्हणून परत द्यायचं. आई, तू चिडलीस की मला "अगं बाई माझे" म्हणायचीस, ते त्यातलंच असेल का?

एद्दोंचं आणि माझं जमलं ते एका फॉर्मवरून. नात्याच्या रकान्यात "आंट" लिहिलेलं. त्या वैतागून म्हणाल्या, कुठली आंट? बापाची बहीण एद्दो, आईची बहीण हबरयार, दोघी एकच कशा? मी म्हटलं, आमच्याकडे आत्या, मावशी, काकू, मामी, चार वेगळ्या. त्या खूष झाल्या. हबरयारचा शब्दशः अर्थ धाकटी आई. क्रिस्तिना अली फाराह नावाची लेखिका आहे, वडील सोमाली, आई इटालियन. सोमालियाच्या राजधानीत, मोगादिशूत वाढली आणि १९९१ च्या युद्धात बाहेर पडली. तिनं इटालियनमध्ये लिहिलेल्या कादंबरीचं नावच "माद्रे पिक्कोला", म्हणजे हबरयारचं सरळ भाषांतर. इटालियन वाचकाला ते गोड वाटत असेल. आपल्याला माय मरो पण मावशी जगो आठवतं आणि पोटात कालवतं.

तर एकदा कँटीनमध्ये बोलता बोलता मी म्हणून गेले, "आम्हीपण घर सोडूनच आलोय की."

एद्दोंनी कप खाली ठेवला. "तुझं घर जागेवर आहे ना?"

"आहे."

"किल्ली कुणाकडे असते?"

"आईकडे."

"मग तू प्रवासाला आलीयेस."

रागानं नाही म्हणाल्या. पेशंटला गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगतात ना, त्या सुरात. त्या उत्तर सोमालियातल्या हर्गेसा शहराच्या. १९८८ मध्ये बारेच्या विमानांनी हर्गेसावर बॉम्ब टाकले, आणि ती विमानं उडत होती हर्गेसाच्याच विमानतळावरून. एद्दो चालत इथिओपियाच्या हद्दीत गेल्या, हर्तिशेखच्या छावणीत. किल्ली बरोबर घेतली होती म्हणे. दाराचं मात्र पुढे काही उरलं नव्हतं.

त्यानंतर मी शरमेपोटी वाचायला घेतलं, हे कबूल करते. पहिला नुरुद्दिन फाराह, सोमाली कादंबरीकार. बाबा, हा तुम्हाला आवडेल. जन्म १९४५, बैदोआचा, आई मौखिक परंपरेतली कवयित्री. आणि शिकला कुठे, तर आपल्या चंदीगडला, पंजाब विद्यापीठात, साठच्या दशकाच्या उत्तरार्धात. पहिली कादंबरी "फ्रॉम अ क्रुकेड रिब" त्यानं तिथेच लिहिली. म्हाताऱ्याशी ठरवलेलं लग्न टाळून पळालेल्या एब्ला नावाच्या मुलीची ती गोष्ट १९७० ला छापून आली. इंग्रजीत लिहिली, कारण तोवर सोमाली भाषेला सरकारमान्य लिपीच नव्हती. भाषा शेकडो वर्षांची, कवी गल्लोगल्ली, आणि लिपीवरून वाद चाललेले. अरबी घ्या, रोमन घ्या, उस्मान केनदीदनं घडवलेली स्वतंत्र लिपी घ्या. शेवटी ऑक्टोबर १९७२ मध्ये रोमनवर शिक्कामोर्तब झालं. पुढे शाळा बंद ठेवून वरच्या वर्गांतल्या मुलांना रानोमाळ धनगरांच्या तांड्यांवर पाठवलं, लोकांना अक्षरं शिकवायला. हुकूमशहाच्या नावावर एवढं एक चांगलं काम जमा आहे, आणि एद्दोही ते नाकारत नाहीत.

लिपी आली तशी फाराहनं १९७३ मध्ये सोमालीतच कादंबरी सुरू केली, वर्तमानपत्रात क्रमशः. सेन्सॉरनं ती मध्येच बंद पाडली. म्हणजे मातृभाषेत लिहायची सोय झाली आणि लगेच दार लावून घेतलं! माणूस परत इंग्रजीकडे. मग १९७६. तो देशाबाहेर होता आणि घरी परतायला निघालेला. रोमहून भावाला फोन केला, विमानतळावर घ्यायला ये म्हणून. भाऊ म्हणाला, येऊ नकोस, हा देश मेला असं समज. "अ नेकेड नीडल" ही त्याची कादंबरी सरकारला झोंबली होती.

तो १९७४ ला बाहेर पडलेला, पाऊल परत ठेवलं १९९६ ला. बावीस वर्षं. तोवर हुकूमशहा गेला होता, आणि शहरही. मधल्या काळात तो आफ्रिकेतले देश आणि युरोप फिरत राहिला, आणि कादंबऱ्या मात्र जवळपास सगळ्या सोमालियातल्याच लिहिल्या. देश जिवंत ठेवायचा तर त्याच्याबद्दल लिहीत राहायचं, असं त्याचं म्हणणं. खरं सांगू? सगळ्या मला झेपल्या नाहीत. स्वप्नंच स्वप्नं असतात, पान उलटावंसं वाटतं. "मॅप्स" मात्र दोनदा वाचली. सोमालिया आणि इथिओपियातल्या ओगादेनच्या युद्धातला अस्कर नावाचा पोरका मुलगा, आणि त्याला वाढवणारी मिस्रा ही शत्रूच्या देशातली बाई. तो मोठा होतो, हातात नकाशा घेतो, आणि आईसारख्या बाईकडे संशयानं बघायला लागतो. यात कुणाची चूक, हे लेखक शेवटपर्यंत सांगत नाही.

बाबा, "एक्झाइल"ला मराठीत काय म्हणायचं? तडीपार म्हटलं की तालुक्यातला गुंड डोळ्यांपुढे येतो. वनवास म्हटलं तर त्यात परत येणं गृहीतच धरलेलं, चौदा वर्षं मोजून, वर राज्याभिषेक. परागंदा बरा आहे, पण तो कर्ज बुडवून पळालेल्यालाही चालतो. तुम्ही सुचवा.

पुढच्या पिढीच्या लेखिका जास्त मोकळ्या लिहितात. इगियाबा शेगोचा जन्मच रोमचा. तिच्या एका पुस्तकाच्या सुरुवातीला घरातली भावंडं टेबलाभोवती बसून मोगादिशूचा नकाशा आठवणीनं काढतात: शाळा इथे, सिनेमा थिएटर तिथे. नदीफा मोहमद हर्गेसाची. १९८६ मध्ये आई-बाप लंडनला घेऊन आले तेव्हा ती लहान होती, आणि थोड्याच दिवसांसाठी जायचं असं ठरलं होतं. मग १९८८ उजाडलं. तिची "द फॉर्च्युन मेन" २०२१ मध्ये बुकरच्या अंतिम यादीत होती. महमूद मत्तान हा खराखुरा सोमाली खलाशी, कार्डिफच्या बंदराजवळ राहणारा. एका दुकानदार बाईच्या खुनात त्याला गोवलं आणि १९५२ च्या सप्टेंबरात कार्डिफच्या तुरुंगात फासावर दिलं. शिक्षा चुकीची होती हे कोर्टानं मान्य केलं १९९८ ला, सेहेचाळीस वर्षांनी. आपले कोकणातले आणि गोव्याचे खलाशी त्याच काळात ब्रिटिश बोटींवर होते, तशाच बंदरांत उतरत होते. वाचताना मला सारखे आईचे ते बोटीवरचे चुलत आजोबा आठवत होते.

आता कॅसेटकडे येते.

सोमाली दादा संध्याकाळी टेप लावून बसायचा. एकाच माणसाचा आवाज, ना पेटी ना ढोलकी. मला वाटायचं, प्रार्थना करतोय. तुम्ही विचारलंत तेव्हा म्हणाला, कविता आहे. मग तुमच्यातला मास्तर जागा झाला. वृत्त कोणतं, यमक कुठे येतं? यमक नाहीच, म्हणाला. सुरुवातीला एक अक्षर धरायचं आणि ओळीमागून ओळ त्याच अक्षराचा शब्द आलाच पाहिजे, शंभर ओळी असल्या तरी. स्वर असला तर कुठलाही स्वर चालतो, तेवढी सूट. तुम्ही मांडी ठोकून मोरोपंत म्हणायला लागलात, हे मला लख्ख आठवतंय. त्या लांब कवितेला गबय म्हणतात, ते आता कळलं. बायकांचा प्रकार वेगळा, बुरानबुर. तो पुरुष रचत नाहीत. एद्दो टेबलावर बोटांनी ठेका धरून म्हणतात तेव्हा मला जात्याची घरघर ऐकू येते, खोटं नाही. आणि दुसऱ्याची कविता म्हणायची तर आधी कवीचं नाव घ्यायचं, शब्द बदलायचा नाही. आपल्याकडे "तुका म्हणे" अभंगातच बांधलेलं असतं, त्यांच्यात ती जबाबदारी म्हणणाऱ्यावर.

कविता टेपवर का, तेही एद्दोंनीच सांगितलं. हद्रावी हा त्यांचा सगळ्यात लाडका कवी. त्याची आईवरची कविता, "होयो", सगळी "ह"वर चालते. १९७३ ते ७८ त्याला बारेनं डांबून ठेवलं होतं. छापखान्याला कुलूप लावता येतं, कॅसेटला कसं लावणार? १९७९-८० मध्ये कवींची एक लांबलचक जुगलबंदी झाली, देलय नावाची, सगळी "द"वर. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, आणि टेपवरून टेप करत ती देशभर, देशाबाहेर पोचायची. साधी पत्रंही लोक कॅसेटवर बोलून पाठवायचे. हर्गेसावर बॉम्ब पडायच्या सुमाराला रेडिओवाल्यांनी गाण्यांच्या टेप उचलून लपवल्या, काही जमिनीत पुरल्या. पुढे त्या उकरून काढल्या. आज तिथल्या सांस्कृतिक केंद्रात १०,००० हून जास्त कॅसेटी आहेत. हद्रावी २०२२ मध्ये हर्गेसातच वारला. आवाज आहे.

सोमाली दादा पुणं सोडायच्या आधी आजीच्या ओव्या भरून घ्यायचा हट्ट धरून बसला होता. आजी लाजत होती, जातं नसताना कसं गाऊ म्हणत होती. मग आईनं पुढ्यात पाटा ठेवला. कोरी कॅसेट त्याच्याकडे नव्हती, म्हणून त्याच्याच एका कॅसेटची एक बाजू त्यानं दिली. म्हणजे दुसऱ्या बाजूला अजून त्याचा कवी असणार. एद्दोंना हे सांगितलं तर त्या दोन दिवस मला विचारतायत, आली का, आली का. आवाजावरून ओळखीन म्हणाल्या.

तर आई, खोकं सापडलं की कॅसेट वाजवून बघू नकोस. जुना टेप फीत खातो. फीत सैल झाली असेल तर पेन्सिल घालून हळूच घट्ट कर, आणि डब्यात घालून कापसात गुंडाळ. पोस्टानं नको. मावशीचा मुलगा फेब्रुवारीत येतोय, त्याच्या हातसामानात दे.

आणि बाबा, सोमाली दादाचं पूर्ण नाव आठवून ठेवा. कॉलेजच्या जुन्या डायरीत असेलच. एद्दो म्हणतात, त्यांच्यात आडनाव नसतं. स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं नाव एकापुढे एक. नुसतं पहिलं कळून उपयोग नाही, तसे हजार सापडतील. तिन्ही मिळाली तर त्या चार फोन करणार आहेत.

वाड्याची जुनी किल्ली बिल्डरला देऊ नका. त्याला तिचा तसाही काही उपयोग नाही.

तुमची,
मनू