संत्र्याच्या सालींचं काय?

मा. संपादक महोदय,

सांडपाण्याचा गाळ आणि घरोघरचं उष्टं एकत्र कुजवून गॅस काढण्यावरचा कालचा लेख वाचला. छान आहे. फक्त ‘कोणताही ओला कचरा चालतो’ या वाक्याला ठसका लागला. नागपुरात बसून असं लिहायचं आणि संत्र्याचं नावही नाही!

आमच्या सोसायटीत छोटी टाकी आहे. तिच्या गॅसवर चौकीदाराचा स्वयंपाक व्हायचा. दोन वर्षांपूर्वी ऐन बहारात सेक्रेटरीसाहेबांनी कोपऱ्यावरच्या ज्यूसवाल्याला रोज दोन बादल्या सालं टाकायची परवानगी दिली. मन मोठं त्यांचं! आठवड्याभरात ज्योत फडफडायला लागली, मग पेटेचना. सालीत लिमोनीन नावाचं तेल असतं. लहानपणी साल दाबून एकमेकांच्या डोळ्यांत फवारा उडवायचो ना, तेच. डोळ्यांचं जे होतं तेच टाकीत मिथेन, म्हणजे जळणारा गॅस, तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांचं होतं. कंत्राटदार फोनवर ‘शेण टाका’ म्हणाला आणि नंतर फोन उचललाच नाही. दीड महिना गोठ्यातून शेणाच्या बादल्या स्कूटरवर कुणी वाहिल्या? वय वर्षे 67, म्हणजे मी. आणि मीटिंगमध्ये वासाचं खापरही माझ्याच डोक्यावर.

गाळात उष्टं मिसळायला माझी ना नाही. नुसतं उष्टं भराभर आंबतं, टाकी आंबट होते. गाळ तो आंबटपणा सांभाळून घेतो आणि उष्ट्यामुळे गॅस वाढतो. पण हे पोट आहे, त्याला पथ्य लागतं. 35 अंशांच्या आसपास ऊब लागते, तीन-चार आठवडे धीर लागतो. मे महिन्यात ऊब आपल्याकडे फुकट आहे म्हणा, डिसेंबरात विचारा.

आणि ओला कचरा येणार कुठून? कचऱ्याच्या नियमांप्रमाणे मी ओला-सुका वेगळा देतो, गाडीवाला माझ्यादेखत दोन्ही एकाच ढिगात उलटा करतो. ‘काका, पुढे वेगळं होते,’ म्हणतो. पुढे म्हणजे कुठे, हे एकदा तुमच्या वार्ताहराने गाडीमागे जाऊन पाहावं. दुधाच्या पिशव्या कोणत्याच टाकीला पचत नाहीत.

आपला,
एक जुना वर्गणीदार, त्रिमूर्तीनगर, नागपूर

ता. क. : रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर सोमवारी छापायचं बंद का केलं? 14 उभा अजून अडलाय.