बोरन्हाणाचा काळा फ्रॉक

लीड्स, इंग्लंड
दि. ५ ऑक्टोबर

सौ. वहिनींस,
सप्रेम नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. नातीच्या पहिल्या संक्रांतीला काळा फ्रॉक स्वतःच्या हातानं विणायचा तुमचा बेत फार आवडला. तुम्हाला सुलट-उलट येतं, मफलर आणि टोप्या तुम्ही केल्याच आहेत, तेव्हा हात बसलेला आहे. फ्रॉकमध्ये नवीन आहे ते माप. म्हणून या पत्रात विणीपेक्षा मापाबद्दलच जास्त लिहिते.

आधी सूत. काळा म्हटला की मनात लोकर येते, पण जानेवारीत नागपुरात पहाटे पारा १०-१२ वर असला तरी दुपारी २७-२८ पर्यंत चढतो, आणि बोरन्हाण दुपार कलल्यावरच होणार. घरात बायकामुलांची गर्दी, त्यात बाळ लोकरीत घामाघूम होईल. निव्वळ ॲक्रिलिक धुवायला सोपं, पण घाम शोषत नाही, आणि विस्तवाजवळ वितळून अंगाला चिकटतं. बाळाला न्हाणानंतर धुरी देता ना? तेव्हा अंगावर ॲक्रिलिकचं काही नको. निव्वळ सुती धागा थंड खरा, पण त्याला ताण नसतो आणि स्वतःच्या वजनानं तो खाली ओघळतो. सूत आणि ॲक्रिलिक मिसळलेला मऊ धागा घ्या, यासाठी तोच बरा. विस्तवाचा नियम मात्र त्यालाही लागू.

बर्डीवर किंवा इतवारीत गेलात की नुसतं ‘फोर प्लाय’ असं सांगून घेऊ नका. प्लाय म्हणजे धाग्याचे पदर, त्यावरून जाडी पक्की कळत नाही. इथं फोर प्लाय म्हणजे १० सेंटिमीटरमध्ये २८ टाके बसणारा बारीक धागा. आपल्याला हवा आहे ४ मिलिमीटरच्या सुयांवर १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि ३० ओळी देणारा. गुंड्याच्या कागदावर हे आकडे बहुधा छापलेले असतात. फ्रॉकला सव्वादोनशे मीटरच्या आसपास धागा लागेल, तुम्ही ३०० मीटरचा हिशेब धरा. सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्या. काळा काळ्यासारखा दिसतो असं दुकानातल्या दिव्याखाली वाटतं. उन्हात एक निळसर आणि दुसरा तपकिरी निघतो.

सुया ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटर, आणि काठासाठी १० नंबरच्या, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकेत नेमकं उलट. कुणी तिकडचा नमुना दिला आणि त्यात ८ नंबर लिहिलं असलं तर ती ५ मिलिमीटरची जाड सुई. म्हणून नमुना कुठलाही असो, मिलिमीटर विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टाके घालायच्या आधी तुकडा विणा: ३० टाके, ४० ओळी, एक ओळ सुलट, एक उलट. शितावरून भाताची परीक्षा इथं अगदी खरी आहे, फक्त शीत शिजलेलं हवं. म्हणजे तुकडा धुऊन, वाळवून, मग मोजा. न धुतलेल्या तुकड्याचं माप खोटं निघतं, कारण सुताची वीण पाण्यात बसते. कडेचे टाके सोडून मधोमध पट्टी ठेवा आणि १० सेंटिमीटरमधले टाके मोजा. बावीस आले तर फ्रॉकची छाती शिवण जाऊन ४७ सेंटिमीटर होईल. चोवीस आले तर तेच टाके ४३ भरतील, आणि सात महिन्यांच्या बाळाची छातीच तेवढी असते; आत झबलं घातलं की फ्रॉक अंगात शिरणार नाही. वीस आले तर ५२ होऊन मुंढे लोंबतील. दोन टाक्यांच्या फरकानं एवढं होतं. टाके जास्त आले तर एक नंबर जाड सुई घ्या, कमी आले तर बारीक. हात घट्ट किंवा सैल करून जमवायला जाऊ नका. दोन बोटं विणून झाली की हात आपल्या वळणावर येतो.

याच तुकड्याच्या टोकाला थोडा पांढरा धागाही विणून घ्या. धुताना काळा रंग पांढऱ्यावर उतरला, तर घेरावर पांढरे ठिपके काढायचा विचार सोडून द्या. ओला पांढरा फडका घासूनही बघा. बाळं कपडा तोंडात घालतात, त्यामुळे रंग सुटणारा धागा मला या कामाला मुळीच चालणार नाही.

बाळाचं माप आज घेऊ नका. ती जूनची, संक्रांतीला सात महिन्यांची होईल. नोव्हेंबरच्या शेवटी काखेखालून टेप फिरवून छाती घ्या. ४३-४४ असेल तर खाली दिलेलं माप बरोबर. ४५ भरली तर ८१ ऐवजी ८४ टाक्यांनी सुरुवात करा आणि वर जे दोन टाके वाढतील ते गळ्याच्या मधोमध जिरवा. खांद्यापासून उंची ३८ सेंटिमीटर धरली आहे. रांगायला लागली असेल तर घेराची उंची ३ सेंटिमीटर कमी ठेवा, नाहीतर गुडघ्याखाली येऊन ती तोंडावर पडते.

पाठ आणि पुढा दोन्ही खालून वर विणायचे. १० नंबरच्या सुईवर ८१ टाके घाला, सैल हातानं. घट्ट घातलेत तर घेर खाली आवळतो आणि फ्रॉक फुग्यासारखा दिसतो. सहा ओळी सगळ्या सुलट विणा. हा काठ शोभेसाठी नाही: एक ओळ सुलट, एक उलट अशी वीण आपोआप वर वळते, आणि दोन्हीकडून सुलट विणलेला काठ तिला सपाट धरून ठेवतो. मग ८ नंबरची सुई घ्या आणि एक ओळ सुलट, एक उलट करत एकूण २४ सेंटिमीटरपर्यंत जा. ओळींची संख्या कागदावर लिहून ठेवा. काळ्यात ओळी मोजणं जिकिरीचं, म्हणून दर दहा ओळींनी कडेला रंगीत दोऱ्याचा तुकडा बांधा. पुढा आणि पाठ टेपनं जुळवू नका, ओळींनी जुळवा. टेप धरताना वीण ताणली जातेच. विणायला दिवसाच्या उजेडात बसा, मांडीवर पांढरा पंचा पसरा आणि सुया फिक्या रंगाच्या घ्या. सुटलेला टाका पांढऱ्यावर लगेच दिसतो.

आता चुणीची ओळ, सुलट बाजूनं: एक टाका सुलट, पुढचे दोन एकत्र सुलट, असं शेवटपर्यंत. ८१ चे ५४ होतील. मोजून बघा, ५५ आले तर कुठंतरी दोन एकत्र घ्यायचे राहिले. पुढच्या चार ओळी सगळ्या सुलट, म्हणजे कमरेला पट्टी उठेल आणि चुण्या धरल्या जातील. नंतर तीन ओळी नेहमीच्या सुलट-उलट, पहिली आणि शेवटची उलट बाजूची, म्हणजे मुंढा सुलट बाजूनं सुरू होईल.

मुंढ्यासाठी पुढच्या दोन ओळींच्या सुरुवातीला तीन-तीन टाके बंद करा: ४८ राहतील. इथून वरपर्यंत दोन्ही कडांचे तीन-तीन टाके दर ओळीला सुलटच विणायचे, की मुंढ्याला वेगळा काठ लावायला नको. सुलट बाजूच्या ओळीत पहिले तीन सुलट; मग एक टाका न विणता उजव्या सुईवर घ्या, पुढचा सुलट विणा आणि न विणलेला त्याच्यावरून ओढून काढा. शेवटचे पाच उरले की दोन एकत्र सुलट आणि तीन सुलट. अशानं घट एकीकडे उजवीकडे आणि दुसरीकडे डावीकडे झुकते आणि मुंढ्याची रेघ स्वच्छ येते. एकाआड एक ओळीत हे तीनदा केलं की ४२ टाके उरतात. कडेचे टाके घट्ट ओढू नका, सुलट-सुलट वीण उंचीला आखूड भरते आणि मुंढा गोळा होतो.

पाठ मुंढ्यापासून ११ सेंटिमीटरपर्यंत सरळ न्या, त्यातल्या शेवटच्या चार ओळी सगळ्या सुलट. मग दहा टाके विणा, मधले २२ बंद करा, दहा विणा. दोन्ही खांद्यांवर आणखी सहा-सहा ओळी सुलट विणून बंद करा. बटणं या पट्ट्यांवर बसतील.

पुढा मुंढ्यापासून ७ सेंटिमीटर झाला की गळा. १५ टाके विणा, मधले १२ बंद करा, उरलेले १५ विणा; दोन्हींपैकी एका बाजूचे १५ टाके सेफ्टी पिनेवर काढून ठेवा. गळ्याकडे एकाआड एक ओळीत एकेक टाका पाच वेळा कमी करा, दहा राहतील. मुंढ्यापासून ११ सेंटिमीटर झालं की चार ओळी सुलट, त्यातल्या दुसऱ्या ओळीत काजं: दोन सुलट, धागा पुढे घेऊन दोन एकत्र, दोन सुलट, धागा पुढे घेऊन दोन एकत्र, दोन सुलट. पुन्हा दहाच टाके. दुसरी बाजू तशीच, फक्त घट उलटी. मग गळ्याच्या कडेवरून १० नंबरच्या सुईवर धागा उचलून १२ उतारावर, १२ मधोमध, १२ चढावर असे ३६ टाके घ्या, तीन ओळी सुलट, आणि सैल बंद करा. इथं हात घट्ट झाला तर बाळाचं डोकं अडकतं. सहा-सात महिन्यांचं डोकं ४३ सेंटिमीटरच्या घेराचं असतं, छातीएवढंच. म्हणूनच दोन्ही खांदे उघडणारे ठेवलेत.

शिवण बगलेत, सुलट बाजू वर ठेवून, कडेच्या पहिल्या टाक्याच्या आतली आडवी दोरी एकेक आलटून पालटून उचलत. पुढ्याची पट्टी पाठीच्या पट्टीवर ठेवून मुंढ्याच्या टोकाला दोन टाके मारा, म्हणजे तिथं फट राहत नाही. बटणं चार, ११-१२ मिलिमीटरची, चपटी. शिवणयंत्राचा पक्का दोरा दोन पदरी घेऊन लावा आणि दर धुण्यानंतर ओढून बघा. आतून लोंबणारे धागे वीतभर विणीत गुंफूनच कापा; सुटा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला जाऊन रक्त अडवतो. याच कारणासाठी दोन रंगांची नक्षी विणू नका, मागे धागे लोंबतात. गळ्याला नाडी नको. युरोपात तर लहान मुलांच्या कपड्यांना गळ्याशी नाडी लावू नये असं मानकच आहे.

जाळीची वीणही या फ्रॉकला टाळा, कितीही सुंदर दिसली तरी. हलव्याला काटा असतो, तो जाळीत अडकतो आणि हार काढताना टाका ओढला जातो. घट्ट सपाट विणीवरून तो सरकतो. हलव्याची साखर काळ्यावर पांढरी उठते, ती ओल्या फडक्यानं टिपा, घासू नका. आणि फोटो झाले की दागिने लगेच उतरवा. दोरा तुटला तर हलवा सरळ तोंडात जाईल. बोरं-चुरमुरे उधळून झाले की तिच्या मांडीवरचं आणि मुठीतलंही आधी बघून घ्या.

धुताना कोमट पाणी, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि चादरीवर आडवा पसरून सावलीत वाळवा. दोरीवर टांगलात तर ३८ चा फ्रॉक लांबतो. इस्त्री नको, ॲक्रिलिक मरगळतं आणि पुन्हा उठत नाही.

दादांना नमस्कार, सूनबाईंना आणि बाळाला आशीर्वाद. तुकडा धुऊन वाळला की शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवा. टाके मोजून सांगते, मगच ८१ घाला.

तुमची,
लीड्सची वन्सं