एका पुडीतली दोन घड्याळं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी हसूच आलं. तुझ्यासकट आठ जणांचं जेवण ठरवून मोकळा झालास, आणि आता मला विचारतोस, करू काय! वर अटी: समुद्रातलं काही हवं, मांसाचंही हवं, एकाला कोळंबी चालत नाही, एकाला तिखट सोसत नाही, आणि तुला ओट्यापाशी उभं न राहता सगळ्यांमध्ये बसायचंय. घासायला भांडी कमी पडावीत ही अट तर तू दोनदा लिहिली आहेस. या सगळ्यात बसणारी एकच गोष्ट मला माहीत आहे, ती म्हणजे फॉइलमधल्या पुड्या. माणशी एक पुडी. आत कोळंबी, सॉसेजच्या चकत्या, बटाटे, मक्याचे तुकडे, लोणी आणि लसूण. सगळ्या पुड्या एकदम ओव्हनमध्ये सारायच्या आणि बाहेर येऊन बसायचं.

ऐकायला सोपं आहे आणि करायलाही सोपंच आहे, फक्त एक गोम आहे. ‘सगळं एकत्र करा, गुंडाळा, वीस मिनिटं ठेवा’ एवढंच सांगणाऱ्या कृतीवर भरवसा ठेवू नकोस. तशाने बटाटा कचकचीत राहतो आणि कोळंबी चामडं होते. दोघांची घड्याळं वेगळी आहेत. मोठी कोळंबी तापलेल्या वाफेत सात-आठ मिनिटांत होते. कच्च्या बटाट्याच्या फोडींना त्याच वाफेत त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो, कारण भाजीला घट्ट धरून ठेवणारं पेक्टिन साधारण ८५ अंशांच्या पुढेच सैल पडायला लागतं. कोळंबीचं मांस ६० अंशांच्या आसपासच आवळून घट्ट झालेलं असतं. म्हणून या जेवणातली खरी कारागिरी मसाल्यात नाही. जे सावकाश शिजतं त्याला आधी पुढे ढकलायचं आणि जे पटकन होतं त्याला शेवटपर्यंत कच्चं ठेवायचं, एवढं सांभाळलंस की बाकी सगळं ओव्हन करतो.

आता बाजाराची यादी. चार जणांचं सांगतो, तू दुप्पट कर. सोललेली मोठी कोळंबी अर्धा किलो, धुरावलेलं आणि आधीच शिजवलेलं सॉसेज साडेतीनशे ग्रॅम, लहान बटाटे अर्धा किलो, मक्याची दोन कणसं, लोणी साठ-सत्तर ग्रॅम, लसणाच्या सहा-सात पाकळ्या, मिरपूड, लाल मिरचीची पूड, हवी ती हिरवी पानं आणि लिंबं. कोळंबीच्या पाकिटावर १६/२० किंवा २१/२५ असे आकडे दिसतील. एका पौंडात, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅममध्ये, तेवढे नग बसतात. आकडा जितका लहान तितकी कोळंबी मोठी. तू १६/२० घे. लहान कोळंबी या कामाची नाही, बटाट्याला शेवटची वाफ लागेपर्यंत तिचं रबर होतं.

गोठवलेली कोळंबी आणलीस तर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेव. विसरलास तर बंद पिशवीसकट थंड पाण्यात अर्धा तास बुडव. गरम पाणी वापरू नकोस, बाहेरून शिजायला लागते आणि आत बर्फ तसाच राहतो. पाठीतला काळा दोरा काढ, आणि नंतर कागदाने नीट टिपून कोरडी कर. आळसात हे शेवटचं काम वगळलं जातं, आणि मग पुडी उघडल्यावर तळाशी फिकं पाणी साचलेलं दिसतं. अर्ध्या किलोला अर्धा चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा चोळून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवलीस तर कोळंबी शिजल्यावरही रसदार राहते आणि दाताखाली जराशी करकरते. सोड्याने पृष्ठभाग अल्कधर्मी होतो, त्यामुळे प्रथिनं आवळताना पाणी कमी सोडतात. लिंबू मात्र आधी लावून ठेवू नकोस. आंबट लागलं की कच्च्या कोळंबीचं मांस बाहेरून शिजल्यासारखं पांढरं होतं आणि पुढे भुसभुशीत लागतं.

बटाट्यांच्या दोन फोडी कर आणि मिठाच्या पाण्यात दहा-बारा मिनिटं उकळ. सुरी शिरायला हवी, पण फोड मोडता कामा नये. कणसांचे तीन-तीन बोटं रुंदीचे तुकडे पाड आणि शेवटची चार मिनिटं त्याच पाण्यात टाक. मग सगळं निथळून पूर्ण गार होऊ दे. गरम बटाट्यांवर कच्ची कोळंबी रचून पुड्या ओट्यावर ठेवून देणं धोक्याचं आहे, त्या कोमट अवस्थेत जंतूंची चंगळ होते.

सॉसेज पुडीत घालण्याआधी तव्यावर टाक. या पायरीवर माझा फार जीव आहे. पुडीत पदार्थ भाजला जात नाही, वाफवला जातो. आत पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या आसपासच घुटमळतं, आणि मांसाला खमंगपणा आणणारा तपकिरी रंग यायला पृष्ठभाग साधारण १४० अंशांवर जावा लागतो. मांस आधी भाजलं नाहीस तर पुडीतलं जेवण चवीला बरं पण दवाखान्यातल्यासारखं दिसतं. चकत्या दोन्ही बाजूंनी लालसर कर आणि तव्यात सुटलेली चरबी फेकू नकोस. तीच बटाट्यांवर ओत.

सॉसेजऐवजी चिकन घालू का, असं तू विचारणार हे मला माहीत आहे. घाल, पण कच्चं चिकन आणि कच्ची कोळंबी एका पुडीत नको. चिकन आतपर्यंत ७४ अंशांवर पोचायला हवं, तोवर कोळंबीची वाट लागते. मांडीच्या मांसाचे लहान तुकडे करून आधी तव्यावर पुरते शिजव, मग पुडीत घाल. कच्चं सॉसेज आणलंस तरी हाच नियम. ते खिम्याचं असल्याने डुकराचं असेल तर ७१ आणि कोंबडीचं असेल तर ७४ अंश धरायचे. मांसात टोचायचा थर्मामीटर घरात नसेल तर आणच, तुझ्या त्या तीन पिझ्झा कटरपेक्षा तो जास्त वापरला जाईल.

आता फॉइल. जाड घे. नेहमीची पातळ फॉइल मक्याच्या कोपऱ्याने फाटते आणि सगळं लोणी ट्रेमध्ये उतरतं. पातळच असेल तर दोन पदर कर. चकचकीत बाजू आत की बाहेर यावर लोक हिरिरीने भांडतात. काही फरक पडत नाही. कारखान्यात शेवटच्या फेरीला दोन पत्रे एकावर एक ठेवून लाटतात, लोखंडी रुळाला टेकलेली बाजू चकाकते आणि एकमेकांना टेकलेली मंद राहते, एवढीच त्यामागची गोष्ट. लिंबू, टोमॅटो, व्हिनेगर यांची मात्र काळजी घे. आंबट आणि खारट पदार्थात अॅल्युमिनियम थोडं विरघळतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००८ साली ते पोटात जाण्याची मर्यादा आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे १ मिलिग्रॅम अशी ठरवली. एका जेवणाने घाबरून जायचं कारण नाही, पण लिंबू शेवटी, ताटात पिळायला काय हरकत आहे? चवही तशीच ताजी लागते. टोमॅटो घालायचाच असेल तर आत बेकिंगचा कागद पसर.

फॉइलचा हातभर लांब तुकडा काप. मधोमध आधी बटाटे आणि मका, कारण ट्रेची आच खालून लागते आणि ती त्यांनी खायची आहे. त्यावर सॉसेज, सर्वांत वर कोळंबी, एकाच थरात. वितळवलेल्या लोण्यात ठेचलेला लसूण, मिरपूड आणि लाल पूड कालवून वरून सोड. मीठ घालताना हात आखडता घे, सॉसेज आणि लोणी दोन्हींत ते असतं. तिखट न सोसणाऱ्या पाहुण्याची पुडी लाल पूड न घालता भर. मग लांब कडा वर आणून एकत्र धर, दोनदा दुमड, आणि शेवटी दोन्ही टोकं मुरड. घट्ट आवळू नकोस. वाफेला फिरायला वर दोन बोटं पोकळी हवी, ती नसली तर शिजणं असमान होतं.

ज्याला कोळंबी चालत नाही त्याला आधी विचार, आवडत नाही की सोसत नाही? अॅलर्जी असेल तर नुसती कोळंबी न घालणं पुरेसं नाही. तिच्यातलं ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन उष्णतेने मोडत नाही, त्यामुळे शिजवल्याने धोका टळत नाही. त्याची पुडी सर्वांत आधी, स्वच्छ पाटावर, वेगळ्या सुरीने आणि वेगळ्या लोण्याने भरून बंद कर, वेगळ्या ट्रेमध्ये ठेव, आणि वर मार्करने नाव लिही. खेकडे आणि शेवंडही त्याला वर्ज्य समज, आणि शिंपल्यांबद्दल त्याला स्वतंत्र विचार. त्याच्या पुडीत चिकन घाल. मासा चालत असेल तर जाड फिले, म्हणजे बिनकाट्याचा तुकडा, तोही उत्तम. अडीच सेंटिमीटर जाडीला दहा मिनिटं आणि फॉइलमुळे वर पाच, असा ढोबळ हिशेब आहे. मासा ६३ अंशांवर झाला समज. फोर्कने दाबल्यावर पाकळ्या सुटतात, तेवढ्यावरही कळतं.

ओव्हन २२० अंशांवर आधी पूर्ण तापव. पुड्या ट्रेवर शेजारी शेजारी ठेव, एकमेकींवर चढवू नकोस. पंधरा मिनिटांनी एक पुडी बाहेर काढून उघड. ती तुझी असू दे. पाहुण्यांना अर्धवट उघडलेली पुडी देणं बरं दिसत नाही. कोळंबी नारिंगी-गुलाबी आणि आतून दुधाळ दिसली की झालं. हा रंग कच्च्या कोळंबीतही असतोच. अॅस्टाझँथिन नावाचं ते रंगद्रव्य एका प्रथिनाला बांधलेलं असतं, म्हणून निळसर-करडं दिसतं. आचेने प्रथिन सैल झालं की मूळ रंग बाहेर येतो. पण नुसत्या रंगावर जाऊ नकोस, आकारही बघ. इंग्रजी सी अक्षरासारखी सैल वळली असेल तर बरोबर, शेपूट डोक्याला टेकून वेटोळं झालं असेल तर जास्त शिजली. पुड्या सकाळीच भरून फ्रीजमध्ये ठेवल्या असशील तर तीन-चार मिनिटं वाढव. कोळशाच्या ग्रिलवर मध्यम आचेला दहा-बारा मिनिटं पुरतात, आणि तिथे जाड फॉइलला पर्याय नाही.

झाल्या की लगेच उघड. बंद पुडी ओव्हनच्या बाहेरही शिजतच राहते, आणि गप्पांच्या नादात गेलेली पाच मिनिटं कोळंबीला भोवतात. उघडताना टोकाला कात्रीने छोटी चीर दे आणि चेहरा लांब ठेव. आतली वाफ हात भाजते, हे पाहुण्यांनाही सांग, कारण उत्साही माणूस नेमका वरून वाकून वास घेतो.

तळाशी जो रस साचतो, लोणी, लसूण, सॉसेजची चरबी आणि कोळंबीचं पाणी मिळून, तो माझ्या मते या जेवणाचा सर्वांत चांगला भाग. तो टिपायला पाव भरपूर ठेव. सोबत काहीतरी थंड आणि आंबटसर, काकडीचे काप किंवा पानांचं सॅलड, पुरे. दुसरा गरम पदार्थ करायच्या भानगडीत पडू नकोस, नाहीतर पुन्हा ओट्यापाशी उभा राहशील.

उरलंच तर फॉइलमध्ये झाकून ठेवू नकोस. डब्यात काढ, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाक आणि दुसऱ्या दिवशी संपव. मायक्रोवेव्हमध्ये फॉइल घालायची नाही, हे तुला सांगायला नको खरं तर, पण तुझा उत्साह मला माहीत आहे.

तुझा ओव्हन आतून किती रुंद आहे ते मोजून लगेच कळव. आठ पुड्या एका ट्रेवर मावणार नाहीत. दोन कप्पे वापरायचे झाले तर मधल्या वेळात ट्रेंची अदलाबदल करावी लागेल, आणि अॅलर्जीवाल्याची पुडी कायम वरच्या कप्प्यात ठेवावी लागेल, म्हणजे दुसऱ्या पुडीतलं काही गळलं तरी त्याच्यावर पडणार नाही. माप आलं की वेळेचा हिशेब पक्का करून कळवतो.

तुझा,
तोच, भांडी घासायला कधीही न थांबणारा